पत्ते त्याचे, हिशोब आपला: पोकरच्या टेबलावर दुकानदाराने काय शिकायचं



सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या कुठल्याही फास्ट लोकलमध्ये चढा (चढायला मिळालं तर). खिडकीपाशी चार जण समोरासमोर बसलेले दिसतील, मधे गुडघ्यांवर एक बॅग आडवी आणि बॅगेवर पत्ते. मेंढीकोट चाललेला असतो. त्यातला जो सगळ्यात मुरलेला आहे ना, त्याच्याकडे दोन मिनिटं बघा. तो स्वतःच्या पत्त्यांकडे फारसं बघतच नाही. वाटल्यावर एकदा लावून घेतले की संपलं. मग त्याची नजर बाकी तिघांवर. बदामाची उतारी झाल्यावर कोण अडखळला, दश्शी कोणाच्या हातात अडकून बसलीय, हुकूम कोणाचा संपला. मुलुंड यायच्या आत त्याला समोरच्याचा हात अर्धाअधिक कळलेला असतो.

ही नजर दुकानात कामाला येते. गल्ल्यावर बसून येणाऱ्या माणसाकडे असं बघता आलं पाहिजे. होलसेलरसमोर, गाळामालकासमोर, उधारी मागणाऱ्यासमोर तर नक्कीच. आणि ही नजर शिकायला माझ्या मते सगळ्यात चांगला खेळ मेंढीकोट नाही, पोकर आहे. आठवड्याच्या व्हिडिओत मी हे पंधरा मिनिटांत उरकलं, इथे जरा सविस्तर लिहितो, कारण आकडेमोड व्हिडिओत पटकन निघून जाते.

आधी एक गोष्ट स्वच्छ करून घेऊ. मी पैसे लावून खेळायला सांगत नाहीये. चिंचोके लावा, काडेपेटीच्या काड्या लावा, शर्टाची बटणं लावा. पैसे लावायचे नाहीत, आणि याचं कारण फक्त संस्कार नाही, कायदासुद्धा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद; मग तो खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा वादच ठेवला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण तरीही कोणी 'परदेशी ॲप आहे, चालतं' असं सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. पैसे गेले तर तक्रार कोणाकडे करणार?

प्रत्यक्ष टेबलावरच्या खेळाचं म्हणाल तर आपल्याकडे अजून १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे. त्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला कौशल्याच्या बाजूला बसवलं आणि तीन पत्तीला नशिबाच्या. पोकरवर मात्र देशात एकमत नाही. पश्चिम बंगालच्या कायद्यात पोकर जुगाराच्या व्याख्येतून बाहेर आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच ठरवला. गोव्यात मांडवीतल्या जहाजांवर परवान्याने चालतो. महाराष्ट्राने १९७६ मध्ये स्वतःचा कॅसिनो कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. म्हणजे इमारतीच्या टेरेसवर पैसे लावून पोकर खेळलात आणि पोलिस आले, तर 'साहेब, हा कौशल्याचा खेळ आहे' हे तुम्हाला कोर्टात सिद्ध करत बसावं लागेल. दुकान कोण बघणार तेव्हा? म्हणून चिंचोके.

आणि एवढं वाचून 'पत्त्यांतून काय धंदा शिकणार' असं वाटत असेल, तर आयआयएम कोझिकोडमध्ये एमबीएच्या मुलांना स्पर्धेची रणनीती शिकवायला पोकरवर अख्खा कोर्स झालेला आहे. आपण चिंचोक्यांवर शिकतोय, एवढाच फरक.

आता मेंढीकोट का नको? कारण मेंढीकोटमध्ये डाव सोडता येत नाही. तेरा पत्ते आले, वाईट आले, तरी तेरा हात खेळावेच लागतात. बुद्धिबळात सगळं समोर उघडं असतं, लपवाछपवी नाही. रमीत माणूस बराच वेळ स्वतःच्याच पत्त्यांत गुंतलेला असतो. पोकरमध्ये निम्मी माहिती उघडी, निम्मी झाकलेली, आणि प्रत्येक पायरीला तुम्हाला विचारलं जातं: अजून पैसे घालणार, की इथेच सोडणार? हा प्रश्न मेंढीकोट विचारत नाही. धंदा रोज विचारतो.

खेळ सोपा आहे. सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग टेबलाच्या मधे पाच पत्ते उघडतात, पण एकदम नाही: आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, टर्न, मग शेवटचा, रिव्हर. तुमचे दोन आणि मधले पाच, अशा सातांमधून ज्याचा पाच पत्त्यांचा हात सगळ्यात भारी, तो जिंकला. पहिले दोन पत्ते आल्यावर एकदा बोली, आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर एकदा, अशा चार फेऱ्या. तुमची पाळी आली की तीनच गोष्टी करता येतात: समोरच्याएवढे भरा, वाढवा, किंवा पत्ते टाकून बाहेर पडा. समोरून काही लागलेलं नसेल तर फुकटात पुढे जायचीही सोय आहे. वाटपाच्या सुरुवातीला दोन जणांना पत्ते न बघता ठरलेली छोटी रक्कम भरावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात. तीन पत्तीतल्या बूटसारखंच, फक्त इथे ती पाळीपाळीने दोघांवर येते. मी बॅचमध्ये याला दुकानाचं भाडं म्हणतो. गिऱ्हाईक येवो न येवो, ते जातंच.

हात कुठला भारी, हे तीन पत्ती खेळलेल्याला निम्मं माहीतच असतं. एका बाबतीत मात्र सगळे फसतात. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा. पोकरमध्ये उलटं, कलर (म्हणजे फ्लश) सिक्वेन्सपेक्षा (म्हणजे स्ट्रेटपेक्षा) मोठा. का? मोजून बघा. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून मोठा. पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात होतात. त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. इथे कलर दुर्मीळ, म्हणून तो मोठा. किंमत दुर्मीळपणावर ठरते आणि दुर्मीळपणा टेबल बदललं की बदलतो. ठाण्याच्या राम मारुती रोडवर जी वस्तू शोकेसमध्ये एकटी मिरवते, ती उल्हासनगरच्या बाजारात गोणीत भरलेली असते. (जाता जाता: तीन पत्तीत ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स फक्त ४८, तरी ट्रेलच मोठा मानतात. बाजारात सगळ्याच किमती हिशोबाने ठरत नाहीत, हेही तिथे लिहिलेलं आहे.)

बाकी क्रम असा: नुसता मोठा पत्ता सगळ्यात खाली, मग एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, स्ट्रेट, फ्लश, मग तीन सारखे अधिक एक जोडी म्हणजे फुल हाऊस, चार सारखे, आणि सगळ्यात वर एकाच रंगाचा सिक्वेन्स. एक्क्यापासून दश्शीपर्यंतचा एका रंगाचा सिक्वेन्स म्हणजे रॉयल फ्लश. तो सिनेमात रोज येतो, खऱ्या पाच पत्त्यांत जवळजवळ साडेसहा लाखांत एकदा.

नवीन माणसाला पहिली अडचण काय येते माहितीये? त्याला खेळायचं असतं. दोन पत्ते आले की तो आत शिरतो. इस्पिकचा राजा आहे ना, मग बघू पुढे काय येतं! चांगला खेळाडू नऊ जणांच्या टेबलावर बहुतेक वाटपं सुरुवातीलाच टाकून देतो. हे बघायला फार कंटाळवाणं असतं. पहिल्याच वाटपात जोडी हातात यायची शक्यता सतरात एक. दोन एक्के यायची २२१ मध्ये एक. म्हणजे चांगल्या पत्त्यांसाठी थांबायचं म्हटलं तर बराच वेळ हात बांधून बसावं लागतं, आणि तेवढ्यात ब्लाइंड जात राहतात. आपल्याकडे पहिलं दुकान टाकणाऱ्याला हेच जमत नाही. कोणी म्हणालं मोमोज चालतात, आत. कोणी म्हणालं प्रिंटेड टी-शर्ट, आत. तिसऱ्या महिन्यात मोबाइल कव्हर. भांडवल प्रत्येक वेळी थोडं थोडंच गेलेलं असतं, म्हणून दुखतही नाही.

आता हिशोबाकडे येऊ, कारण माझा जीव त्यात आहे.

समजा मधे ३०० चिंचोके जमलेत. चार पत्ते उघडलेत, एक यायचाय. तुमच्या हातात दोन बदाम, मधे दोन बदाम. अजून एक बदाम आला की फ्लश झाला. समोरच्याने १०० लावले. तुम्ही भरायचे का? तुम्ही १०० भरले की मधे एकूण ५०० होतील. पाचशेसाठी शंभर, म्हणजे तुमची जिंकायची शक्यता निदान २० टक्के हवी. आता शक्यता मोजा. बदाम तेरा, चार दिसले, उरले नऊ. न पाहिलेले पत्ते ४६. नऊ भागिले ४६, म्हणजे १९.६ टक्के. अगदी काठावर! समोरच्याने ५० च लावले असते तर साडेबारा टक्के पुरले असते, डोळे मिटून भरा. त्याने १५० लावले असते तर २५ टक्के लागले असते, पत्ते टाका. बघा, तुमचे पत्ते तेच, बदाम तेवढेच, पण किंमत बदलली की निर्णय बदलला. 'हा हात चांगला आहे का' हा प्रश्नच अर्धवट आहे. 'या किमतीला चांगला आहे का' असं विचारायचं. तोंडी हिशोबासाठी एक सोपी युक्ती: कामाचे पत्ते मोजा, एकच पत्ता यायचा असेल तर दोनाने गुणा, दोन यायचे असतील तर चाराने. नऊ दुणे अठरा, नऊ चोक छत्तीस. खरे आकडे १९.६ आणि ३५, म्हणजे काम भागतं.

हेच माझ्या दुकानात. माझं डोंबिवली पूर्वेला भांड्यांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. संक्रांतीच्या आधी हळदीकुंकवाच्या वाणाचा माल भरायचा असतो. छोट्या स्टीलच्या वाट्या, भाईंदरहून. समजा २२ रुपयांना एक, ५०० घ्यायच्या. विकणार ३५ ला. रथसप्तमी झाली की त्या वाटीला कोणी विचारत नाही. उरलेल्या १२ ला काढाव्या लागतात. विकली तर १३ मिळाले, उरली तर १० गेले. किती विकल्या गेल्या म्हणजे बरोबरी? दहा भागिले तेवीस, साधारण साडेत्रेचाळीस टक्के. पाचशेतल्या २१८. मग प्रश्न 'वाट्या चालतील का' हा राहत नाही. प्रश्न राहतो, '२१८ जातील का, आणि हे मी कशावरून म्हणतोय?' गेल्या वर्षीची वही काढा, आसपासच्या सोसायट्या मोजा, आणि शेजारच्या दुकानदाराने काय भरलंय ते बघा. आणि होलसेलर २४ म्हणाला तर? विकली तर ११, उरली तर १२ गेले. बारा भागिले तेवीस, बावन्न टक्के. दोन रुपयांनी ४३ वाट्यांचं ओझं वाढलं. 'दोन रुपयांसाठी काय घासाघीस करायची' असं म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

एवढं हातात असेल तरच समोरच्याला वाचण्याचा उपयोग. लोकांना उलटं हवं असतं. 'सर, समोरचा खोटं बोलतोय हे कसं ओळखायचं ते सांगा', हा मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. नाकाला हात लावला तर काय, डोळे चुकवले तर काय. खरं सांगू? चेहऱ्यावरून फार थोडं कळतं, आणि जे कळतं ते त्या माणसाची आधीची सवय माहीत असेल तरच. एखादा मुळातच पाय हलवत बसणारा असतो. तो पाय हलवतोय यात बातमी नाही. तो हलवायचा थांबला, ही बातमी. म्हणून पहिली दहा मिनिटं काही ओळखायचंच नाही, नुसतं बघायचं: हा शांत असताना कसा असतो?

अमेरिकेत माइक कॅरो नावाच्या खेळाडूने १९८४ मध्ये खेळाडूंच्या हावभावांवर एक पुस्तक लिहिलं, पोकरवाल्यांत ते प्रसिद्ध आहे. त्यातलं एक निरीक्षण फार कामाचं: ज्याचे पत्ते भारी असतात तो पडेल असल्यासारखं दाखवतो, आणि ज्याचे पडेल असतात तो जोरात पैसे आपटतो. आता दुकानात उभे राहा. जी ताई कढई हातात घेऊन म्हणते, 'दांडा जरा सैलच आहे, बूड पण पातळ वाटतंय', ती घेणार आहे. ती खोट काढतेय कारण तिला भाव करायचाय. जी म्हणते 'वा, फारच सुंदर कलेक्शन आहे हं तुमचं, येते मी', ती येत नाही. नवीन पोरं खोट काढणाऱ्या गिऱ्हाईकावर चिडतात आणि कौतुक करणाऱ्याला चहा विचारतात!

पण चेहऱ्यापेक्षा मोठी बातमी पैशात असते. समोरच्याने कधी किती लावले, कधी गप्प राहिला, ही सगळी मिळून एक गोष्ट असते, आणि ती गोष्ट जुळते का ते बघायचं. पहिल्या फेरीत गप्प, फ्लॉपला गप्प, आणि रिव्हरला एकदम ढीग पुढे सरकवला. का बरं? शेवटच्या पत्त्याने त्याचं काही जमलं असेल, तर कुठला हात जमला? तो हात असता तर आधी तो असा खेळला असता का? जुळत नसेल तर थाप असू शकते. होलसेलर म्हणतो, 'हमारे घर में ही इतने का पड़ता है', आणि दोनशे नग घेतले तर लगेच चार रुपये सोडतो. मग घरात कितीला पडत होतं? ही गोष्ट जुळली नाही. उलट एखादा भाव सोडत नाही, पण माल महिनाभर उधार द्यायला तयार आहे. त्याचं भावाचं बोलणं खरं असावं, त्याला माल फिरवायचाय. चेहरा दोघांचा सारखाच असतो.

आणि शेवटी बोलणाऱ्याचा फायदा. पोकरमध्ये ज्याची पाळी शेवटी, त्याला बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं. तेच पत्ते त्या जागेवर जास्त किमतीचे होतात. म्हणून आपल्या बाजारात कोणीच आधी आकडा बोलत नाही. 'तुम्ही सांगा.' 'नाही, तुम्ही सांगा.' हा शिष्टाचार नाहीये, दोघेही शेवटची जागा पकडतायत.

आता एक खरा डाव सांगतो. ठाण्याच्या बॅचमध्ये कल्याणच्या एक ताई होत्या. भाजणी, मेतकूट, थालीपिठाचं पीठ, उपासाची पिठं. घरून चांगलं चाललेलं. त्यांना कल्याण पश्चिमेला एक गाळा आवडला. भाडं २८,००० आणि डिपॉझिट तीन लाख. डिपॉझिटसाठी सोनं ठेवावं लागणार होतं. एजंट म्हणाला, 'उद्या दुपारी दुसरी पार्टी टोकन देतेय. आज सांगा.' रात्री ग्रुपवर त्यांचा मेसेज आला आणि सगळी बॅच जागी झाली. थाप आहे की खरं? आम्ही शिकलो होतो तसं सगळ्यांनी वाचायला घेतलं. गाळ्यावर 'भाड्याने देणे'ची पाटी गणपतीपासून लटकतेय, आता जानेवारी. एजंटने एका दिवसात तीनदा स्वतःहून फोन केला. काही न मागता २८ वरून २६ वर आला. खरी पार्टी असती तर असा आला असता का? बहुतेकांचं मत, थाप.

ताईंनी शांतपणे एक हिशोब पाठवला. प्रदर्शनांचे स्टॉल आणि घरच्या ऑर्डरी धरून रोजची विक्री तीन हजार, महिन्याचे २६ दिवस, ७८,०००. त्यावर ३५ टक्के सुटतात, २७,३००. लाइट आणि पॅकिंग ३,३००. उरले २४,०००. म्हणजे २४,००० भाडं दिलं तर हातात शून्य, आणि सोन्यावरचं व्याज अजून धरलेलंच नाही. खाली त्यांनी लिहिलं: 'तो बंडल मारत असेल तरी मला २६ परवडत नाही, आणि खरं बोलत असेल तरी २६ परवडत नाही. मग ते ओळखून मी करू काय?'

मी बॅचला इतके महिने जे सांगत होतो, ते त्यांनी दोन ओळींत सांगितलं.

वाचलेल्याचा उपयोग त्यांनी एवढाच केला: १८,००० चा आकडा दिला आणि घाई दाखवली नाही. दोन दिवसांत मालक २४ वर आला. ताई १८ वरून हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाटी उतरली. एका मोबाइल कव्हरवाल्याने २६ ला गाळा घेतला. ग्रुपवर लगेच, 'बघा, पार्टी खरी होती! ताई, थोडं वर जायला हवं होतं.' ती पार्टी आधीपासून होती की नंतर आली, कोणाला माहीत? पोकरमध्ये तुम्ही पत्ते टाकलेत की समोरच्याला त्याचे पत्ते दाखवावे लागत नाहीत. रात्रभर डोकं खाजवा, कळणार नाही. त्याची सवय करून घ्यावी लागते.

ॲनी ड्यूक नावाची अमेरिकन माजी खेळाडू आहे, मानसशास्त्र शिकलेली. २०१८ च्या पुस्तकात तिने यावरच भर दिला: निकालावरून निर्णयाची पारख करू नका. दोन एक्के विरुद्ध दोन राजे, सगळे चिंचोके मधे. एक्केवाला शंभरात साधारण ८२ वेळा जिंकतो. उरलेल्या अठरा वेळा तो हरतो, आणि तेव्हाही त्याचं खेळणं बरोबरच असतं. उलटंही होतं. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला. त्या वर्षी ८३९ खेळाडू होते. जगभर पोकरची लाट आली त्यात या माणसाचा मोठा वाटा. उरलेल्या ८३८ जणांवर कोणी व्हिडिओ केला नाही. यशाच्या गोष्टी सांगणारे चॅनल बघताना हा आकडा लक्षात ठेवा. माझाही चॅनल त्यात धरा.

एक शब्द अजून शिकून ठेवा: टिल्ट. मोठा डाव हरला की माणूस पुढचे चार डाव डोकं फिरवून खेळतो, त्याला पोकरवाले टिल्ट म्हणतात. आपल्याला हा शब्द नवा, माणूस जुना. धर्मराज एकदा सगळं हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला, मग द्रौपदीला पणाला लावलं. ते कसंबसं परत मिळाल्यावर पुन्हा बोलावणं आलं तर पुन्हा जाऊन बसला. समोर शकुनी आहे हे माहीत असताना! दुकानात टिल्ट असा दिसतो: सकाळी एकाने वापरलेला कुकर परत आणून भांडण केलं, आणि दुपारी तुम्ही होलसेलरला फोन करून रागारागात दुसऱ्याच कंपनीचे पन्नास कुकर मागवले. माझा नियम आहे, भांडण झालं त्या दिवशी खरेदी नाही. ऑर्डर दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर.

आता शिकायचं कसं ते सांगतो. घरातले किंवा मित्र मिळून चार ते सहा जण जमवा. गणपतीच्या जागरणाला तर पत्ते निघतातच, त्यातली एक रात्र याला द्या. प्रत्येकाला शंभर चिंचोके मोजून द्या. छोटा ब्लाइंड एक, मोठा दोन. संपले की संपले, त्या रात्री परत मिळणार नाहीत, हा नियम मोडू नका. फुकट परत मिळाले तर कोणी विचार करून खेळत नाही. पहिल्या रात्री फक्त हातांचा क्रम पाठ होईल. दुसऱ्या रात्री शेजारी वही ठेवा आणि स्वतः पत्ते टाकल्यावर मोबाइल काढू नका, बाकीच्यांना बघा. तुम्ही डावात नसता तेव्हाच सगळ्यात जास्त दिसतं, कारण तुमचं काहीच लागलेलं नसतं. वहीत प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: किती वेळा आत आला, वाढवलं कधी, आणि पत्ते उघडले तेव्हा काय निघालं. पाच-सहा रात्रींनंतर वही वाचा. सख्ख्या मेहुण्याबद्दल नवीन माहिती मिळेल.

मग तीच वही दुकानात न्या. मेहुण्याच्या जागी होलसेलरचं नाव लिहा: आधी काय बोलला, कधी खाली आला, शेवटी कितीला दिलं. पुढच्या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या वहीची पानं दाखवणार आहे, नावं झाकून. वाट्यांच्या हिशोबात तुमच्या मालाचे आकडे टाकून बरोबरी कितीवर येते ते काढून ठेवा, आपण तिथून पुढे जाऊ.